हात लागल्याचा दाखला

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या मुलामुलींमध्ये पोहण्याची आवड निर्माण व्हावी, असे ग्रामीण जलतरण समन्वय समितीने सप्टेंबरच्या बैठकीत एकमताने ठरवले. ही मुले चालता यायला लागल्यापासून काळू नदीच्या डोहांत आणि गावोगावच्या बंधाऱ्यांत पोहत होती, हे समितीला ठाऊक होते. पण त्या पोहण्याची कुठे नोंद नव्हती, आणि नोंद नसलेली आवड ही आवड मानता येत नाही, हे समितीचे सचिव जगन निमसे यांनी निदर्शनास आणून दिले.

स्पर्धेसाठी तलाव हवा होता. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला कुंडलिकशेठचे रिसॉर्ट आहे, त्यात एक तलाव होता. मोजला तेव्हा तो बावीस मीटर भरला. स्पर्धेला पंचवीस लागतात. समितीने अर्धा तास चर्चा करून सदर तलाव पंचवीस मीटरचा मानण्यात यावा असा ठराव केला. कुंडलिकशेठ समितीचे अध्यक्षही असल्यामुळे मालकाची संमती जागेवरच मिळाली.

पंचांच्या यादीत अनिता पष्टे यांचे नाव होते. अनिताबाई मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी स्वतः कधी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता. पण कल्याणला पंचांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, तेव्हा दोन्ही तालुक्यांतून गेलेल्या एकेचाळीस जणांपैकी जेवणानंतरच्या सत्राला त्या एकट्याच हजर होत्या. प्रशिक्षक तीस वर्षे मुंबईच्या तलावांच्या काठावर उभे राहिलेले गृहस्थ होते. समोर एकच बाई बसलेली पाहून त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मनापासून शिकवले.

"रिलेमध्ये चोरी पोहण्यात होत नाही, उडीत होते," ते म्हणाले. "पोहत आलेल्या मुलीचा हात भिंतीला लागेपर्यंत वर उभ्या मुलीचे पाय काठावरच्या उडीच्या ठोकळ्यावर टेकलेले पाहिजेत. ती वाकू दे, हात गरगर फिरवू दे, अर्धी हवेत जाऊ दे. पायाचा एक अंगठा टेकलेला असला तरी चालतं. तुम्ही फक्त पाय बघायचे. पाय सुटले की त्याच क्षणी नजर खाली भिंतीवर. तिथं हात दिसला तर ठीक. नाही दिसला तर चूक."

"आणि चूक दिसली तर काय करायचं?"

"काही नाही. ओरडायचं नाही, शेजारच्या पंचाशी बोलायचं नाही. चिठ्ठीवर लिहायचं आणि गप्प उभं राहायचं. दोन पंचांनी एकमेकांना न विचारता तेच लिहिलं, तर संघ बाद. एकानंच लिहिलं, तर पोहणाऱ्याच्या बाजूनं निकाल. डोळा चुकू शकतो, बाई. म्हणून दोन माणसं ठेवायची. पण दोघांनी बघितलं पाहिजे, एवढीच अट."

अनिताबाईंनी हे वहीत लिहून घेतले आणि शाळेत परत येऊन सराव सुरू केला. एका मुलीला व्हरांड्याच्या पायरीवर उभे करायचे, दुसरीने मैदानातून पळत येऊन खांबाला हात लावायचा, आणि तो लागला की पहिलीने खाली उडी मारायची. बाई गुडघ्यावर बसून पाय बघायच्या. महिनाभरात त्यांची नजर इतकी तयार झाली, की मधल्या सुट्टीत रांगेत कोण आधी घुसले हेही त्यांना मान न वळवता कळू लागले.

या खेळात सगळ्यांत आधी तरबेज झाली ती बुधी मेंगाळ. बुधी आठवीत होती. आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचे, ती मावशीकडे राहून शाळा करायची. शाळा आठवीपर्यंतच होती, आणि पुढच्या वर्षी बुधीही भट्टीवर जाणार हे घरात ठरलेले होते. पोहायला तिला कोणी शिकवले नव्हते. डोहात पडलेले भांडे काढायला ती सहा वर्षांची असताना उतरली आणि भांडे घेऊनच वर आली, असे मावशी सांगायची. समितीच्या परिपत्रकात लिहिले होते, की रिले जिंकणाऱ्या चार मुली जिल्ह्याच्या स्पर्धेला जातील, आणि तिथून निवासी क्रीडाशाळेसाठी निवड होईल. राहणे, खाणे, शिक्षण, सगळे तिथेच. अनिताबाईंनी ते परिपत्रक बुधीला दोनदा वाचून दाखवले.

"तिथं पानी खोल हाय का?" बुधीने एवढेच विचारले.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी स्पर्धा झाली. तलावाच्या कडेने चारशे माणसे जमली होती. मुलींच्या रिलेत अंतिम फेरीला दोनच संघ होते, मुरबाड आणि शहापूर. मुरबाडकडून तिसरी पोहणार होती हेतल, कुंडलिकशेठची नात, आणि चौथी बुधी. मुरबाडच्या ठोकळ्यापाशी दोन बदल-पंच होते, एकीचा हात आणि दुसरीची उडी बघणारे. एक अनिताबाई. दुसरे किन्हवलीचे आदेश फर्डे, ग्रामपंचायतीत लिपिक. शहापूर तालुक्याचा म्हणून त्यांना मुद्दाम मुरबाडच्या ठोकळ्यावर नेमले होते, म्हणजे पक्षपात होणार नाही.

आदेशरावांच्या खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. सगळ्या चिठ्ठ्यांवर 'बदल योग्य' असे लिहून खाली सही केलेली होती.

"सकाळीच भरून ठेवल्या, मॅडम," ते म्हणाले. "ऐनवेळी घाई नको."

शर्यत सुरू झाली. पहिला बदल नीट झाला. दुसऱ्या बदलाला हेतल ठोकळ्यावर उभी राहिली. खालून येणारी मुलगी थकली होती, शेवटचे दोन हात तिने सावकाश मारले. अनिताबाईंनी हेतलचे पाय बघितले. पाय सुटले. त्यांनी नजर खाली नेली. भिंतीवर निळ्या फरशा होत्या, हात नव्हता. मग हात आला.

आदेशराव त्या वेळी वर बघत होते. प्रमुख पाहुण्यांचे चित्रीकरण करणारा ड्रोन त्यांच्या डोक्यावरून चालला होता.

हेतलने आपला टप्पा पुरा केला. बुधीने शेवटची उडी मारली आणि ती अशी काही पोहली, की शहापूरची मुलगी अर्ध्या वाटेत असताना ती काठावर बसून नाक शिंकरत होती. चारशे माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. बुधीने गर्दीत आपल्या बाईंना शोधले आणि हात हलवला.

अनिताबाईंच्या हातात कोरी चिठ्ठी होती. आदेशरावांची चिठ्ठी त्यांना ठाऊक होती, म्हणजे आपण लिहिले तरी नियमाने संघ बाद होणार नाही, हेही ठाऊक होते. तरी पेन जड झाले. शेवटी त्यांनी लिहिले : 'तिसरी खेळाडू. हात लागण्यापूर्वी पाय सुटले.' आणि सही केली.

इथवर सगळे नियमात होते. एक चिठ्ठी 'चूक' म्हणणारी, एक 'योग्य' म्हणणारी, निकाल पोहणाऱ्यांच्या बाजूने. मुरबाड विजयी. पण सचिव जगन निमसे यांनी अशी चिठ्ठी आयुष्यात प्रथमच पाहिली होती. तिच्यासाठी निकालाच्या तक्त्यात कोणता रकाना भरावा ते त्यांना कळेना. म्हणून त्यांनी चिठ्ठीचा फोटो काढला आणि 'हे कसं दुरुस्त करायचं?' असे विचारून तो समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपवर दोनशे बारा सभासद होते. निम्मे शहापूरचे.

दहा मिनिटांत शहापूरकरांनी आदेशरावांना गाठले.

"तू शहापूरचा ना रे? मुरबाडच्या बाईला दिसलं, आन् तुला नाय दिसलं?"

आदेशराव विचारात पडले. मग ते जगनरावांकडे गेले आणि आपल्या चिठ्ठीत लेखनिकाची चूक झाली असून ती परत मिळावी, असा तोंडी अर्ज केला. आपणही पाय आधी सुटलेले पाहिले होते, आत्ता आठवले, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर लगेच अनिताबाईंना कुंडलिकशेठच्या ऑफिसात बोलावणे आले. चहा आला, बिस्किटे आली. हेतल टॉवेल गुंडाळून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, आणि जगनराव नियमावली घेऊन दाराशी उभे होते.

"बाई, तुमी आमच्याच तालुक्याच्या," कुंडलिकशेठ शांतपणे म्हणाले. "तुमाला दिसलंच कसं?"

"समोर झालं, शेठ."

"समोर ना, बरंच काय काय होतं. नजरचूक म्हणून एक शब्द हाय. ल्हान शब्द हाय. चिठ्ठीवर बसंल. आन् तुमच्या त्या पोरीचाबी इचार करा. तिचा नंबर जातोय."

"मी तिचा विचार करूनच लिहिलं," अनिताबाई म्हणाल्या. ते खरे नव्हते. लिहिताना तिचा विचार मनात येऊ नये, म्हणून त्यांनी फार प्रयत्न केला होता.

कोपऱ्यातून हेतल म्हणाली, "आजोबा, मी आधीच उडी मारली. मला पाण्यात पडताना कळलं."

कुंडलिकशेठने नातीकडे पाहिले, मग जगनरावांकडे.

"ह्ये चालतं का?"

जगनरावांनी नियमावली चाळली. "नाही चालत. उडीबद्दल मत देण्याचा अधिकार पंचांना आहे. ती पोहणारी आहे. तिला पोहण्यापुरतंच धरता येईल."

"मंग तू मधी बोलू नको, बाळा," कुंडलिकशेठ म्हणाले.

अशा रीतीने, जिने पाहिले तिला तिने पाहिले नाही असे सांगण्यात आले, ज्याने पाहिले नाही त्याला दिसल्याचे आठवले, आणि जिने केले तिचे म्हणणे अधिकाराबाहेरचे ठरले. त्यापुढे निकाल लावणे समितीला शक्य नव्हते. समितीने रिले रद्द केली आणि ती अठ्ठावीस तारखेला पुन्हा घेण्याचे ठरवले, मात्र तोपर्यंत बदलाची पद्धत निर्दोष करण्यात यावी, अशा अटीवर.

निर्दोष पद्धत शोधायला पाच जणांची उपसमिती नेमली गेली. तिचा अहवाल आठ दिवसांत आला. मानवी डोळा हा विश्वासार्ह नाही, त्याचा पुरावा फाइलला लावता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. उपाय सोपा होता. पोहत आलेल्या मुलीचा हात लागला, की हाताच्या पंचाने तसा दाखला तयार करायचा. पांढरी प्रत समितीला, गुलाबी शहापूरला, पिवळी मुरबाडला. दाखल्यावर शिक्का बसला, की तो ठोकळ्यावरच्या मुलीच्या हातात द्यायचा. तो मिळाल्यावरच तिने उडी मारायची. दाखला हातात नसताना पाय सुटले तर संघ बाद. शिवाय पायांवर लक्ष ठेवायला प्रत्येक ठोकळ्यापाशी डाव्या पायाचे दोन आणि उजव्या पायाचे दोन पंच, दोन्ही तालुक्यांतून एकेक.

"आता लवकर उडी मारणं शक्यच होणार नाही," जगनरावांनी बैठकीत सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

"आणि उशीर झाला तर?" अनिताबाईंनी विचारले.

"उशिराबद्दल तक्रार आलेली नाही, मॅडम."

अनिताबाईंना मुरबाडच्या ठोकळ्याचा डावा पाय देण्यात आला.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाला शिट्टी वाजली. दोन्हीकडच्या पहिल्या मुली एकदमच भिंतीला आल्या. मुरबाडच्या मुलीची दोन बोटे भिंतीला लागली होती. दाखल्यावर छापले होते 'हात'. हाताच्या पंचाने बोटांना हात म्हणावे का, असे जगनरावांना विचारले. जगनरावांनी उपसमितीला विचारले. बोट हा हाताचाच भाग असल्याचे मान्य झाले, पण मुलीने आता पंजा पुरा टेकवावा, म्हणजे पुढे वाद नको, असे ठरले. मुलीने पंजा टेकवला. शिक्का बसेपर्यंत तो काढायचा नव्हता, कारण काढल्यावर तपासणी कशाची करणार? पाण्यात जानेवारीचा गारठा होता. तिचे दात वाजायला लागले. अकराव्या मिनिटाला दाखला तयार झाला.

शहापूरला तेरा मिनिटे लागली. त्यांचा पंच नाव लिहिताना काना विसरला होता.

दुसऱ्या बदलाला शाईचा पॅड पाण्यात पडला. तो वर काढून, पिळून, उन्हात ठेवण्यात आला. हेतल ठोकळ्यावर एकोणीस मिनिटे उभी होती. मधून मधून तिला बसायची परवानगी द्यावी का, यावर चर्चा झाली, पण बसल्यावर पाय ठोकळ्यावर धरायचे की आणखी काही, हे स्पष्ट नसल्याने ती नाकारण्यात आली. काठावर पुन्हा जमलेल्या चारशे लोकांनी वडापाव मागवले. प्रमुख पाहुणे भाषण करून गेले. हेतलने दाखला घेतला, तो दातांत धरला आणि उडी मारली.

ती परत आली तेव्हा बुधी ठोकळ्यावर तयार होती. अनिताबाई तिच्या डाव्या पायाशी गुडघ्यावर बसल्या होत्या. बोलायला मनाई होती. हेतलचा हात आला आणि भिंतीवर थाडकन पडला. अख्खा पंजा होता, कोणालाही शंका घेता आली नसती. हाताच्या पंचाने पेन झटकले, ते उमटत नव्हते. त्याने दुसरे मागितले. शेजारच्या ठोकळ्यावर शहापूरच्या मुलीचीही कागदपत्रे चालू होती.

एक मिनिट गेले. दोन गेली. हेतल पाण्यात भिंतीला चिकटून होती, ओठ जांभळे पडले होते. तिने मान वर केली.

"बुधी, हात लागलाय ना?"

"लागलाय की."

"मग जा ना. मला थंडी वाजतेय."

बुधीने खाली बाईंकडे पाहिले. अनिताबाई पाय बघत होत्या, बघण्याखेरीज त्यांना काही करता येण्यासारखे नव्हते. त्यांनी डावा अंगठा ठोकळ्याच्या कडेला रुतलेला पाहिला, मग तो सुटलेला पाहिला. नजर खाली नेली. भिंतीवर हात होता. चांगला अडीच मिनिटांपासून होता.

बुधी गेली आणि आली. तिला किती सेकंद लागले ते कोणीच टिपले नाही, कारण वेळ घेणारे पेन शोधायला गेले होते. ती वर आली तेव्हा शहापूरच्या चौथ्या मुलीच्या, भावनाच्या, दाखल्यावर शिक्का उमटत होता. भावनाने दाखल्याची घडी घालून ती डोक्यावरच्या टोपीत खोचली आणि शांतपणे उडी मारली.

निकालाला वेळ लागला नाही. मुरबाडच्या ठोकळ्यावरच्या पाच पंचांपैकी तिघांनी लिहिले : 'दाखल्यापूर्वी पाय सुटले.' उजव्या पायाच्या एका पंचाने लिहिले : 'उजवा पाय सुटला. डाव्याबद्दल माहिती नाही.' अनिताबाईंनी लिहिले : 'हात आधी लागला. पाय नंतर सुटले.' ही पाचवी चिठ्ठी विसंगत म्हणून बाजूला ठेवली गेली. मुरबाड बाद. शहापूर विजयी, वेळ एकोणचाळीस मिनिटे. पद्धत लागू झाल्यापासूनची ती सर्वोत्तम वेळ होती.

पंधरा दिवसांनी शहापूरच्या मुली जिल्ह्याच्या स्पर्धेला गेल्या. तिथे पहिली मुलगी भिंतीला आली आणि दुसरी मुलगी, शिकवल्याप्रमाणे, ठोकळ्यावर हात पुढे करून दाखल्याची वाट बघत उभी राहिली. बाजूच्या सात मुली केव्हाच पाण्यात गेल्या होत्या. तिच्या प्रशिक्षकांनी ओरडून तिला उडी मारायला सांगेपर्यंत शर्यत संपत आली होती. समितीने आपल्या अहवालात नमूद केले, की जिल्हा पातळीवर दाखल्याची व्यवस्था नसल्यामुळे आपल्या संघाचे नुकसान झाले, याबाबत वर पत्रव्यवहार करण्यात यावा.

अनिताबाईंनी अपील केले. अपिलाची तरतूद होती. जगनरावांनी त्यांना ती मोकळ्या मनाने वाचून दाखवली : पंच, पदाधिकारी व खेळाडू वगळता किमान एका प्रत्यक्षदर्शीने बाजूला ठेवलेल्या चिठ्ठीला सहीनिशी दुजोरा दिल्यास निकालाचा फेरविचार होईल.

"चारशे माणसं होती, मॅडम. एक सही आणा. मी स्वतः फाइल पुढं पाठवतो," जगनराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांनी लगेच एक जाड नोंदवही आणली, पानांवर रकाने आखले, वर 'मी प्रत्यक्ष पाहिले' असे लिहिले आणि ती रिसॉर्टच्या काउंटरवर ठेवली.

अनिताबाई आधी कुंडलिकशेठकडे गेल्या.

"पायलं मी, बाई. पोरीचा हात भितीवर व्हता. खोटं कशाला बोलू? पन मी अध्यक्ष पडलो. मला प्रत्यक्षदर्शी व्हता येत नाय."

हेतलने न विचारता सही केली. ती खेळाडू असल्यामुळे जगनरावांनी पट्टी लावून रेघ मारली. आदेशरावांनी आपण पंच असल्याची आठवण करून दिली. त्या दिवशी तरी आपण नीट पाहिले होते, असे ते हळूच म्हणाले.

मग अनिताबाई काठावरच्या लोकांकडे वळल्या. शाळा सुटली की त्या एसटीने एकेका गावात जायच्या. वडापाववाल्या धोंडीबाई म्हणाल्या, "आमी पायलं ना. पन आमाला रोज त्याच गेटवर गाडी लावायची हाय, बाई. तुमी समजून घ्या." टोकावड्याच्या एका शिक्षकाने सांगितले, की आपण सगळे मोबाइलवर टिपले आहे. बाईंनी ते पाहिले, तर त्यात पाहुण्यांचे भाषण होते, आणि त्यांच्या खांद्यामागे पाण्याचा एक निळा तुकडा. एका निवृत्त साहेबांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि या व्यवस्थेबद्दल पाऊण तास संताप व्यक्त केला. सगळे कसे सडले आहे ते त्यांनी उदाहरणे देऊन सांगितले. बाईंनी सहीचे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, हात लागलेला चारशे जणांना दिसलाय. इतक्या उघड गोष्टीला माझी एकट्याची सही कशाला हवी?"

बुधीची निवड झाली नाही. तिची आई हिरी मार्चमध्ये तिला न्यायला आली. भट्टीवर माणूस कमी पडत होता, आणि परीक्षेपुरते परत आणीन, असे तिने सांगितले. अनिताबाई फाट्यावर पोचवायला गेल्या. मायलेकींकडे एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी होती.

"बाई," गाडीची वाट बघताना बुधीने विचारले, "मी आधी मारली का उडी?"

"नाही गो. हात लागला होता."

"तुमी पायलं ना?"

"पाहिलं."

बुधीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मंग झालं," ती म्हणाली. पण तिने बाईंकडे पाहिले नाही, रस्त्याकडे पाहिले. गाडी आली. हिरीने पेटी वर चढवली, मागून बुधी चढली, आणि वाहकाने दार ओढून घेतले. बाई फाट्यावर बराच वेळ उभ्या होत्या.

अपिलाची मुदत मार्चअखेर होती. समितीने उदार मनाने ती वाढवली, मग पुन्हा वाढवली. ती आजही चालू आहे, कारण बंद करायला बैठक लागते आणि बैठकीला माणसे येत नाहीत. अनिताबाई महिन्यातून एकदा काउंटरवर जाऊन वही उघडून बघतात. पहिल्या ओळीवर हेतलची सही आणि तिच्यावरची रेघ आहे. पुढची पाने कोरी आहेत. मधल्या एका पानावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्याचा गोल उठला आहे.

एक सही पुरते. वाचकांपैकी कोणी त्या समितीचे पंच, पदाधिकारी किंवा खेळाडू नसावेत, आणि हात आधी लागला की पाय आधी सुटले, याबद्दल एव्हाना कोणाच्या मनात शंका उरली नसावी. माळशेजला जाताना टोकावड्याच्या पुढे त्या रिसॉर्टवर चहाला थांबण्याची तुमची पद्धत असेलच. मागच्या वेळी थांबलात, तेव्हाही वही काउंटरवरच होती. तुम्ही तिच्यावर कप ठेवलात.